औषध सुटल्यावरचें दुखणें

वऱ्हाडांतील देऊळगांव राजा हें गांव श्रीबालाजीच्या ठाण्यामुळें सर्वांच्या परिचयाचें आहे. आश्विनांत तेथें बालाजीचा उत्सव भरतो, लाटांचा मंडप उभा राहतो आणि पंचक्रोशींतूनच नव्हे, तर दूरदूरच्या गांवांहून भाविकांची रीघ लागते. जिजाऊंचें सिंदखेड राजा तेथून जवळच, आणि संत चोखोबांचें जन्मस्थान म्हणून मानलें जाणारें मेहुणा राजा याच तालुक्यांत. अशा या गांवीं, उत्सवाच्या ऐन गर्दींत, एका सुशिक्षित घरांत जें घडलें तें आम्हीं जवळून पाहिलें. घराचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु असे प्रसंग आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं येऊन गेले असतील, कित्येक घरीं त्यांचा अर्थ उलटा लावला गेला असेल, म्हणून या विषयावर कांहींसें विस्तारानें लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या घरांतील मधल्या सूनबाईंस दुसऱ्या बाळंतपणानंतर मनाचें दुखणें जडलें होतें. तासन्‌तास भिंतीकडे तोंड करून बसावें, तान्ह्याला पदराखालीं घेण्याचीहि इच्छा होऊं नये, जेवणाचें ताट समोरून तसेंच उठावें, असें दोन-अडीच महिने चाललें. देऊळगांवाहून जिल्ह्याच्या बुलढाण्यापेक्षां जालना जवळ. म्हणून तेथील मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे त्यांना नेलें. त्यांनीं पॅरॉक्सेटिन नांवाची गोळी दिली. दोन महिन्यांत बाई हसूं-बोलूं लागल्या आणि होळीला त्यांनीं आपण होऊन पुरण वाटलें. गोळीचे हे उपकार प्रथमच सांगून ठेवतों. पुढें जें लिहिणार आहों त्यावरून औषधेंच वाईट, असा अर्थ कोणीं काढूं नये.

गोळी सहा वर्षें चालली. सातव्या वर्षीं नवरात्र आलें, घर पाहुण्यांनीं भरलें. कोणी एक मावशी म्हणाल्या, “आतां इतकी धडधाकट दिसतेस, मग हें जन्मभर कशाला गं?” सूनबाईंच्या मनांतहि तेंच होतें. घटस्थापनेच्या दिवशीं त्यांनीं गोळ्यांची पट्टी कपाटांत ठेवून दिली. डॉक्टरांस विचारावें हें कोणाच्या मनांतहि आलें नाहीं. ताप उतरल्यावर काढा थांबवितात, तशी ही गोळी थांबविली, एवढीच समजूत.

तिसऱ्या दिवशीं चक्कर आली. उपवासानें आली असेल म्हणून लिंबाचें सरबत झालें. चौथ्या दिवशीं मान वळविली कीं डोक्यांत विजेचा झटका बसल्यासारखें होऊं लागलें. नुसते डोळे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस फिरविले तरी तेंच. मळमळ, दरदरून घाम, हातापायांस मुंग्या, रात्रीं अशीं स्वप्नें कीं जागें झाल्यावरहि तीं खरीं वाटावीं, आणि लहानशा शब्दानें रडें. पांचव्या दिवशीं घरांत दोन पक्ष पडले. एक म्हणे, जुनें दुखणें उलटलें. दुसरा म्हणे, बाहेरचें कांहीं असेल, आधीं देवापुढें नारळ ठेवा. सूनबाई एकच सांगत होत्या, “हें तें नव्हे. तें मला ठाऊक आहे. हें निराळें आहे.” पण ज्याला मनाचा आजार एकदां होऊन गेला, त्याच्या शब्दाला घरांत किती वजन उरतें, हें आम्हीं सांगावयास नको.

निकाल लावला तो सासूबाईंनीं. त्यांचें शिक्षण मराठी सातवीपर्यंतचें. पण बाळंतिणीच्या खोलींत रात्रीं जागल्या होत्या त्या त्याच. त्या मुलाला म्हणाल्या, “अरे, तेव्हां ही दगडासारखी बसे. तिला भोवळ कधीं आली होती? मळमळ कधीं होती? तेव्हां पोराला जवळ घेत नव्हती. आतां एका हातानें डोकें धरते आहे आणि दुसऱ्यानें त्याला भरवते आहे. हें तें दुखणें नव्हे. गोळी सोडल्यापासूनचें आहे. त्या डॉक्टरांना फोन लाव.” आम्हांस वाटतें, निदानाच्या दृष्टीनें याहून नेमकें बोलणें एखाद्या पदवीधरासहि साधलें नसतें. डॉक्टरांनीं गोळी पूर्वीच्याच मात्रेनें पुन्हां सुरू करावयास सांगितली. दोन दिवसांत झटके ओसरले आणि दसऱ्याच्या दिवशीं सूनबाई सोनें लुटावयास उंबऱ्याबाहेर पडल्या.

हा प्रकार वैद्यकास नवा नाहीं. उदासीनतेवरील इमिप्रामिन या औषधाचा गुण स्वित्झर्लंडांत रोलंड कून यांनीं ओळखला आणि १९५७ मध्यें प्रसिद्ध केला. तें औषध अकस्मात् बंद केल्यानें रोग्यांस होणाऱ्या त्रासाचीं टिपणें १९५९ मध्येंच वैद्यकीय नियतकालिकांत आलीं. पुढें १९८७ सालीं अमेरिकेंत फ्लुओक्झेटिनास परवानगी मिळाली, त्याच्या मागोमाग त्या जातीचीं पॅरॉक्सेटिन, सर्ट्रॅलिन, सिटालोप्राम हीं औषधें जगभर पसरलीं, आणि त्यांच्याबरोबर अशी एक समजूतहि पसरली कीं, औषध सोडल्यावर होणारा त्रास किरकोळ असतो व आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप जातो. पुष्कळांच्या बाबतींत तें खरेंहि आहे. परंतु कांहींच्या बाबतींत तो तीव्र असतो आणि महिनोन्‌महिने रेंगाळतो, हें रोगी सांगत राहिले व शास्त्र उशिरां ऐकूं लागलें. इंग्लंडांत उपचारांच्या दिशा ठरविणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेनें २०१९ मध्यें आपलें जुनें विधान बदलून हें मान्य केलें, आणि २०२२ च्या मार्गदर्शिकेंत औषध पायरीपायरीनें, उरलेल्या मात्रेच्या प्रमाणांत कमी करावें असा उपदेश केला.

हा त्रास किती जणांस होतो? अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडून २०२४ मध्यें ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या पत्रांत एक लेख आला. उदासीनतेचें औषध सोडणाऱ्यांपैकीं सुमारें ३१ टक्क्यांस कांहीं ना कांहीं लक्षणें दिसलीं. पण ज्यांनीं बिनऔषधाची बनावट गोळी सोडली त्यांच्यांपैकींहि सुमारें १७ टक्क्यांस दिसलीं! मन शंकित असलें म्हणजे देह काय काय दाखवितो याचा हा नमुनाच. दुसरें वजा जातां सहा-सात जणांमध्यें एकाला खरोखर औषध सुटल्याचा त्रास होतो, आणि पस्तिसांत एकाला तो तीव्र होतो, असा अंदाज निघतो. मात्र यांतील बहुतेक प्रयोग थोड्या मुदतीचे होते. पांच-सहा वर्षें गोळी घेतलेल्या माणसास हे आंकडे जसेच्या तसे लावतां येत नाहींत. पस्तिसांत एक म्हणजे थोडें, असें कोणास वाटेल. तो एक आपल्या घरांतला असला म्हणजे हिशेब निराळा होतो.

आतां हें होतें कां? मेंदूंतील पेशी एकमेकींस जे निरोप धाडतात त्यांचा एक वाहक म्हणजे सेरोटोनिन. ही औषधें तो शोषून परत घेण्याची वाट अडवितात, म्हणून तो पेशींच्या सांध्यांत अधिक काळ राहतो. महिने आणि वर्षें असें चाललें म्हणजे मेंदूहि त्या स्थितीशीं जुळवून घेतो. मोठ्या आवाजांत राहणाऱ्या माणसाचे कान जसे कांहींसे मंद होतात, तसें कांहींसें हें आहे. औषध रक्तांतून कांहीं दिवसांत निघून जातें, पण मेंदूनें केलेली जुळवाजुळव इतक्या लवकर उलगडत नाहीं. मधल्या काळांतला हा गोंधळ म्हणजेच तो त्रास. त्यांतहि औषधाऔषधांत भेद आहे. पॅरॉक्सेटिन सुमारें एका दिवसांत अर्धें उतरतें, म्हणून त्याचा धक्का लवकर व जोराचा. फ्लुओक्झेटिन आणि त्यापासून शरीरांत बनणारा पदार्थ आठवडाभर किंवा त्याहूनहि अधिक काळ रेंगाळतो, म्हणून तें जणूं आपण होऊन हळूहळू उतरतें.

येथें एक गोष्ट अशी आहे कीं ती पुष्कळ डॉक्टरांच्याहि ध्यानांत अलीकडेच आली. गोळी अर्धी केली म्हणजे परिणामहि अर्धा झाला, असें आपण धरून चालतों; तें बरोबर नाहीं. मेंदूचीं विशेष छायाचित्रें घेऊन मोजलें असतां सिटालोप्रामच्या २० मिलिग्रॅम मात्रेनें ती वाट सुमारें ८० टक्के अडते असें दिसलें. परंतु ५० टक्के अडविण्यास सुमारें साडेतीन मिलिग्रॅमच पुरे होतात. म्हणजे विसावरून दहावर आलें तरी मेंदूस फारसा फरक जाणवत नाहीं, आणि शेवटच्या पांच मिलिग्रॅमांवरून शून्यावर उडी घेतली म्हणजे मोठी दरी ओलांडावी लागते. मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या दोघांनीं २०१९ मध्यें हें मांडलें आणि शेवटशेवटच्या पायऱ्या अत्यंत बारीक कराव्यात असें सुचविलें. जिन्याच्या तळाशीं पायऱ्या संपल्या असें समजून टाकलेलें पाऊल जसें फसतें, तसा अनुभव पुष्कळांस शेवटच्या पाव गोळीपाशीं येतो.

औषध गेलें तरी परिणाम राहतो, या गोष्टीचा एक जुना दाखला आपल्याच मातींत आहे. सर्पगंधा ही वनस्पति आपल्या वैद्यांस उन्माद व निद्रानाश यांवर ठाऊक होती. १९३१ मध्यें कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनीं उन्माद व रक्तदाब या दोहोंवर तिचा गुण लिहून प्रसिद्ध केला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या रोग्यांवर तिचा रीतसर प्रयोग करून १९४९ मध्यें ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें लेख लिहिला, आणि जगाचें लक्ष या मुळीकडे वळलें. या कामासाठीं त्यांस १९५७ सालीं अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक मिळालें. १९५२ मध्यें स्वित्झर्लंडांत त्या मुळीपासून रिसर्पिन हें द्रव्य वेगळें काढलें गेलें आणि कांहीं वर्षें वेड्यांच्या इस्पितळांतून त्याचा मोठा बोलबाला झाला. हें द्रव्य पेशींतील निरोपवाहकांच्या सांठ्याच्या लहान लहान कोठारांत माल भरणारें यंत्रच बंद पाडतें, आणि तें इतक्या घट्टपणें, कीं द्रव्य रक्तांतून नाहींसें झाल्यावरहि नवीं कोठारें तयार होईपर्यंत परिणाम दिवसेंदिवस टिकून राहतो. कित्येकांस त्यानें कंप आला, कित्येकांची उदासीनता वाढल्याचे बोभाटे झाले, आणि नवीं औषधें येतांच तें मागें पडलें. आजीबाईच्या बटव्यांतलें म्हणून निरुपद्रवी, असें मानणाऱ्यांनीं ही हकीकत लक्षांत ठेवावी. पेठेंत ‘शांत झोपेच्या’ नांवाखालीं मिळणाऱ्या मुळ्यांच्या पुड्यांविषयीं आम्हांस नेहमीं धाकधूक वाटते ती यासाठींच.

उन्मादावरील औषधांचा प्रकार याहून गंभीर आहे. पॅरिसमध्यें १९५२ सालीं क्लोरप्रोमॅझिन वापरांत आलें आणि सांखळदंडांच्या काळाचा शेवट जवळ आला. हें ऋण मोठेंच. पण १९५७ पासून डॉक्टर लिहूं लागले कीं, हीं औषधें दीर्घकाळ घेणाऱ्या कांहींच्या ओठांस, जिभेस, जबड्यास आपोआप चाळा लागतो. तोंडांत कांहीं नसतां माणूस चघळत राहतो. १९६४ मध्यें त्यास ‘टार्डिव्ह डिस्किनेशिया’, म्हणजे उशिरां येणारा चाळा, असें नांव मिळालें. वृद्धांस व त्यांतहि स्त्रियांस त्याचा धोका अधिक. विलक्षण गोष्ट ही कीं, औषध चालू असतां हा चाळा झांकला राहतो आणि तें कमी केल्यावर उघडा पडतो. कित्येकांचा पुढें जातो, कित्येकांचा जन्माचा सोबती होतो. घरांतील म्हातारीं माणसें “तोंड कां वेडावतोस?” म्हणून अशा माणसास रागें भरतांना आम्हीं पाहिलीं आहेत. तो वेडावीत नसतो. या चाळ्यावर म्हणून अमेरिकेंत २०१७ मध्यें व्हॅल्बेनाझिन आणि ड्यूटेट्राबेनाझिन या दोन औषधांस मान्यता मिळाली, आणि मौज अशी कीं, सर्पगंधेच्या रिसर्पिनानें जें कोठार भरण्याचें यंत्र बंद पडतें, त्याच यंत्रावर हीं दोन्ही सौम्य रीतीनें काम करतात.

झोपेच्या व धास्तीच्या गोळ्यांविषयीं थोडक्यांत सांगतों. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम यांची सवय शरीरास लवकर जडते. दीर्घकाळानंतर त्या एकदम सोडल्या तर कंप, निद्रानाश, कानांत आवाज, आणि प्रसंगीं फेफऱ्यासारखे झटकेहि येतात. न्यूकॅसलच्या डॉ. हेदर अ‍ॅश्टन यांनीं १९८२ पासून बारा वर्षें याच कामासाठीं एक दवाखाना चालविला व मात्रा उतरविण्याची पद्धत लिहून ठेवली. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या आपल्याकडे २०१४ पासून औषधांच्या ‘एच-१’ या यादींत आहेत. चिठ्ठीवांचून त्या देऊं नयेत आणि दुकानदारानें नोंद ठेवावी असा नियम आहे. नात्यांतल्या नात्यांत “मला लागू पडली, तूंहि घेऊन पाहा” असा या गोळ्यांचा जो व्यवहार चालतो, त्यास मात्र कोणतीच यादी आवरूं शकलेली नाहीं.

आणखी एक गोष्ट संकोचामुळें घरांत कोणी बोलत नाहीं. उदासीनतेच्या गोळ्यांनीं दांपत्यजीवनाची इच्छा व संवेदना मंदावते हें पूर्वींपासून माहीत होतें; ती मंदता क्वचित् औषध सोडल्यावरहि टिकते, याची सूचना औषधाच्या माहितीपत्रकांत घालावी असें युरोपीय औषध संस्थेनें २०१९ मध्यें ठरविलें. नवरा-बायकोंत यामुळें गैरसमज होऊन दुरावा येण्यापेक्षां डॉक्टरांशीं एकदां स्पष्ट बोलणें बरें.

इतकें वाचून कोणी आजच आपली गोळी फेकून देईल, तर आमच्या लिहिण्याचा अनर्थ होईल. इंग्लंडांत २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, बरें वाटत असून औषध चालू ठेवणाऱ्यांपैकीं ३९ टक्क्यांस, तर हळूहळू सोडणाऱ्यांपैकीं ५६ टक्क्यांस वर्षभरांत उदासीनता पुन्हां आली. उन्मादाच्या बाबतींत २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेला प्रयोग अधिक सावध करणारा आहे: औषध बेताबेतानें उतरविणाऱ्यांमध्यें २५ टक्के, आणि चालू ठेवणाऱ्यांमध्यें १३ टक्के, अशी गंभीर उलट दिसली. तेव्हां जुनें दुखणें उलटणें हेंहि खरें, आणि औषध सुटल्याचा त्रास हाहि खरा. पहिल्याला दुसरें समजलें तर रोगी वाऱ्यावर पडतो. दुसऱ्याला पहिलें समजलें तर ज्याला नको आहे त्याच्या गळ्यांत गोळी जन्माची पडते.

दोहोंतला भेद ओळखावयाचा तो बव्हंशीं सासूबाईंच्याच रीतीनें. औषध सोडल्यावर दोन-चार दिवसांत लक्षणें उठलीं, तीं पूर्वीं कधीं नव्हतीं अशीं शारीरिक असलीं, आणि मात्रा परत दिल्यावर एक-दोन दिवसांत ओसरलीं, तर तो बहुधा औषध सुटल्याचा त्रास. जुनें दुखणें सामान्यतः आठवड्यांनीं किंवा महिन्यांनीं, आणि आपल्या जुन्याच वेषांत येतें. यासाठीं पहिलें दुखणें कसें होतें हें घरांतल्या कोणाला तरी नीट आठवलें पाहिजे. म्हणून तें लिहून ठेवावें असें आम्ही म्हणतों. एकत्र कुटुंबांत गोळी सुटण्याचीं कारणेंहि घरगुतीच असतात. कधीं उपवास, कधीं यात्रा, कधीं लग्नघराची धांदल; कोणास चातुर्मासांत एकदम आठवतें कीं कॅप्सूलचें आवरण जिलेटिनाचें, म्हणजे प्राणिज असतें. शंका रास्त असेल, पण ती डॉक्टरांपाशीं बोलून औषधाचें रूप बदलून घेतां येतें. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें उपचार व त्यांचे दुष्परिणाम यांची माहिती मिळण्याचा हक्क रोग्यास दिलेलाच आहे. आणि जेथें तज्ज्ञ डॉक्टर जवळ नाहीं तेथें १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे.

देऊळगांवच्या सूनबाईंची हकीकत दसऱ्यापाशीं सोडली होती. संक्रांतीनंतर डॉक्टरांनीं त्यांस पॅरॉक्सेटिनवरून फ्लुओक्झेटिनवर आणलें व तें पातळ रूपांत देऊन दर महिन्यास थोडें थोडें उतरविलें. सोळा महिने लागले. मध्यें एकदां घाई झाली, झटके परत आले, तेव्हां एक पायरी मागें जाऊन दोन महिने थांबावें लागलें. सासूबाईंनीं देवघराच्या फडताळांत एक वही ठेवली होती. तींत तिथि, मात्रा आणि त्या दिवसाची प्रकृति दोन शब्दांत लिहावयाची. शेवटची मात्रा वैशाखांत झाली. जुनें दुखणें उलटलें नाहीं. पण देह अजून पुरता ठिकाणावर आलेला नाहीं. संध्याकाळीं कानांत बारीक सूर वाजतो, झोप पहांटे मोडते, फार वेळ उभें राहिलें कीं जमीन हलल्यासारखी वाटते. सायंकाळचा स्वयंपाक आतां धाकट्या जाऊबाईंनीं आपल्याकडे घेतला आहे, आणि “हें सोंग” असें त्या घरांत कोणी म्हणत नाहीं.

वही आम्हीं पाहिली. आश्विनांतल्या पानावर सूनबाईंच्या अक्षरांत नोंद आहे: मंडपाच्या लाटा चढतांना मान वर करून पाहिलें, एक झटका आला, लगेच गेला. कार्तिकांत तसे चार. पौषांत दोन, आणि माघांत, आम्ही गेलों त्या दिवसापर्यंत, एक.